नवं बिऱ्हाड आलं की आधी बायांनी जाऊन यावं

जालना जिल्ह्यातल्या बचत गटांच्या आम्ही बाया आज पुन्हा तुमच्याशी बोलायला आलोय. चुलीवर काही असेल तर असू द्या, हात चालू ठेवून ऐका. मागं आपण कर्जफेडीवर बोललो, शेळीच्या विम्यावर बोललो. आज जरा वेगळा विषय घेतलाय. गावात बाहेरून माणसं आली, त्यांची भाषा वेगळी, कपडे वेगळे, तर आपण त्यांच्याशी वागायचं कसं?

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्याकडं दोन वाटा सुरू होतात. एका वाटेनं आपलीच माणसं जातात. मुकादमाची उचल घेतलेली, कोयता आणि लेकरं संगती. घनसावंगीकडून, अंबडकडून, मंठा-परतूरकडून निघतात ते कोल्हापूर-सांगली, कुणी पार कर्नाटकात. दुसऱ्या वाटेनं परकी माणसं इकडं येतात. कापूस वेचायला सातपुड्याच्या पलीकडून, बडवानी-खरगोनकडून. वीटभट्ट्यांवर. जालन्याच्या एमआयडीसीत स्टीलच्या कारखान्यांवर बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशातून. म्हणजे आपण एकाच वेळी पाहुणेही असतो आणि यजमानही. आपल्या पोरीला साखर कारखान्यावरच्या गावात हंडाभर पाणी कुणी दिलं का, हे आपण फोनवर विचारतो. इकडं आपल्या शिवारात कोण उतरलंय, हे विचारायचं मात्र राहून जातं.

‘निर्वासित’ हा शब्द आपल्याला टीव्हीतला वाटतो. पण मराठवाड्याला तो नवा नाही. दर १७ सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन करतो. तेव्हा जालना म्हणजे निजामाच्या राज्यातला, औरंगाबाद जिल्ह्याचा एक तालुका. १९४७-४८ साली रझाकारांची दहशत वाढली तशी सरहद्दीजवळची कितीतरी कुटुंबं घरं टाकून वऱ्हाडात, नगर-सोलापूरकडं निघून गेली. १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस ॲक्शन सुरू झाली, पाचव्या दिवशी निजाम शरण आला, आणि लोक परतले. पण त्यानंतर मराठवाड्यातल्या कितीतरी मुसलमान कुटुंबांवर तीच पाळी आली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं तेव्हा हिंडून सरकारला अहवाल दिला, तो कितीतरी वर्षं लोकांपुढं आलाच नाही. झेंडावंदनाच्या भाषणात हा भाग कुणी सांगत नाही. आपण सांगून ठेवू.

आमच्या एका गटातल्या बाईच्या आजेसासूबाई आहेत. माहेर जाफराबादकडचं. आठ-नऊ वर्षांच्या असताना बैलगाडीत बसून वऱ्हाडात गेल्या होत्या. त्यांना त्या गावाचं नाव आठवत नाही. पण घाईत तवा घरीच राहिला होता आणि शेजारच्या बाईनं दुसऱ्या दिवशी न मागता आपला तवा आणून दिला, हे आठवतं. विहिरीवर मात्र रोज सगळ्यांच्या शेवटी पाणी भरायला लागायचं, तेही आठवतं. वय नव्वदीच्या घरात आहे, नातवंडांची नावं चुकतात, पण या दोन गोष्टी चुकत नाहीत.

आता जरा लांबची गोष्ट. कोल्हापूरजवळ, पंचगंगेच्या खोऱ्यात वळिवडे नावाचं गाव आहे. १९४३ ते १९४८ अशी पाच वर्षं तिथं पोलंड देशातली जवळपास पाच हजार माणसं राहिली. त्यात बहुतेक बाया आणि लेकरं. १९३९ मध्ये जर्मनीनं एका बाजूनं आणि रशियानं दुसऱ्या बाजूनं त्यांचा देश गिळला. रशियानं लाखो लोकांना सैबेरियाच्या थंडीत नेऊन टाकलं. १९४१ मध्ये सुटका झाली तेव्हा पुरुष सैन्यात भरती झाले. बाया-लेकरं उपाशी, आजारी अशी इराणमार्गे निघाली, आणि त्यातली काही समुद्र ओलांडून आपल्याकडं पोचली. गुजरातेत जामनगरच्या महाराजांनी त्यांच्या अनाथ पोरांना बालाचडीला ठेवून घेतलं, आणि मोठी छावणी वळिवड्याला झाली.

त्या छावणीत आम्हाला काय आवडलं, तर लोकांना नुसतं रांगेत उभं करून जेवण वाढलं नाही. बराकी होत्या, पण त्यात कुटुंबागणिक वेगळी जागा होती, स्वयंपाक ज्याचा त्यानं करायचा. त्यांची शाळा त्यांच्या भाषेत, त्यांचं चर्च, दवाखाना, दुकानं, नाटकंसुद्धा. भाजीपाला, दूध घ्यायला आसपासच्या गावकऱ्यांशी रोजचा व्यवहार. खर्चाचा भार गावावर नव्हता, तो सरकारांनी उचलला होता, हे खरं. तरी विचार करा, गोरी, निळ्या डोळ्यांची, एक शब्द मराठी न येणारी पाच हजार माणसं आपल्या शिवारात येऊन राहिली तर आपल्याकडं पहिली आठ दिवस काय काय बोललं गेलं असतं? ती लेकरं पुढं जगभर पांगली. पण त्यांनी ‘भारतातले पोल’ अशी आपली संघटना काढली, म्हातारपणी कोल्हापूरला येऊन आपली जुनी जागा बघून गेली. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. २०२४ मध्ये पंतप्रधान तिथं फूल वाहायला गेले, तेव्हा बातम्यांत दाखवलं होतं.

गंमत पुढं आहे. पोलिश माणसं गेली आणि त्याच बराकींत फाळणीनंतरची सिंधी कुटुंबं येऊन उतरली. आज त्या जागेला गांधीनगर म्हणतात आणि ती कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ आहे. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत अशीच सुमारे लाखभर सिंधी माणसं आली, १९४९ मध्ये त्या छावणीला उल्हासनगर नाव मिळालं. विदर्भात गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी लोकांची वसाहत आहे, सत्तरच्या दशकापासून. म्हणजे महाराष्ट्राला हे काम येतं. आधी केलेलं आहे.

कायद्याचं विचाराल तर निर्वासितांसाठी आपल्या देशात वेगळा कायदा नाही. १९५१ सालचा जगातल्या देशांचा एक करार आहे, त्यावर भारताची सही नाही. परदेशातून आलेल्या कुणाला राहू द्यायचं, कुणाला नाही, ते दिल्ली ठरवते. कागद तपासणं हे पोलिसांचं काम आहे, आपल्या गटाचं नाही. आपल्याकडं तसेही येतात ते याच देशातले, फक्त दुसऱ्या राज्यातले. पण नळावर दोघांनाही सारखंच बघितलं जातं, म्हणून आम्ही दोन्ही गोष्टी एकत्र सांगतोय.

न बघण्यानं काय होतं? ८ मे २०२० ची पहाट आठवा. लॉकडाऊन होता. आपल्या जालन्यातल्या स्टील कारखान्यात राबणारी वीस माणसं रेल्वेच्या रुळावरून चालत निघाली होती, पुढं भुसावळला गाडी मिळेल या आशेवर. करमाडजवळ थकून रुळावरच झोपली. मालगाडी आली आणि सोळा जण गेले. मध्य प्रदेशातल्या शहडोल, उमरिया भागातली पोरं होती. रुळावर पडलेल्या पोळ्यांचे फोटो सगळ्या देशानं बघितले. बदनापूर ओलांडून गेली होती ती. वाटेवर आपलीच गावं होती.

दुसरी गोष्ट १ जुलै २०१८ ची, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात, राईनपाड्याची. आठवडी बाजारात भिक्षा मागायला आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, मंगळवेढ्याकडचे. ‘मुलं पळवणारी टोळी आली’ असा मेसेज मोबाईलवर फिरत होता. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही जण मेले. ती माणसं कोण, कुठली, हे विचारायला पाच मिनिटं पुरली असती.

तसाच मेसेज दोन वर्षांपूर्वी आमच्याही गावात आला. वेचणीचे दिवस होते. गावाबाहेर लिंबाखाली सात झोपड्या पडल्या होत्या. आमच्या गटातल्या बायांच्या पोरांच्याच मोबाईलवर तो मेसेज होता, म्हणजे कळायला वेळ लागला नाही. संध्याकाळी आम्ही चौघी आणि आशाताई, अशा तिकडं गेलो. बसलो. त्यांची बोली आपल्याला समजत नाही, आपली त्यांना नाही, पण मोडकं हिंदी दोन्हीकडं होतं. नऊ लेकरं होती आणि नऊच्या नऊ त्यांचीच होती. एक बाई आठव्या महिन्यात वेचणी करत होती. त्या मक्याची भाकर थापत होत्या. आमच्यातली एक म्हणाली, ज्वारीच्या पिठापेक्षा हे हाताला जड जातं. त्यावर ती बाई हसली आणि गोळा हिच्या हातात दिला. हिची भाकर तव्यावर जाताना मोडली.

रात्री प्रत्येकीनं आपापल्या घरात सांगितलं, आम्ही जाऊन आलो, अमक्या गावची माणसं आहेत, अमकी नावं आहेत. मेसेज तिथंच थांबला. पोरं ऐकत नसतील आणि जमाव जमू लागला, तर ११२ ला फोन करायचा, हेही आम्ही ठरवून ठेवलं होतं. लागला नाही.

एक सांगून ठेवतो. पहिल्या दिवशी जुनी लुगडी आणि उरलेलं अन्न घेऊन जाऊ नका. रिकाम्या हातानं जा, बसा, पाणी दिलं तर प्या. आणि फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. ते लोक काही आपलं प्रदर्शन नाही.

मग खरं भांडण सुरू झालं ते पाण्याचं. शेतमालकाच्या विहिरीवरची मोटर दिवसाआड चालायची, म्हणून त्या बाया गावच्या हातपंपावर येऊ लागल्या. आमच्या बैठकीत एक थोरली बाई म्हणाली, ‘एप्रिलमध्ये आपल्यालाच टँकर, त्यांना कुठून द्यायचं?’ ती चुकीचं बोलत नव्हती. २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत जळाल्या, ते इथं कोण विसरलंय? तासभर वाद झाला. शेवटी ठरलं की घराला दोन हंडे, संध्याकाळी, पाच ते सहा. कुणी म्हणालं, गावच्या बायांचं झाल्यावर शेवटी भरू दे. त्यावर त्या आजेसासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, ‘शेवटी नको, मधी घ्या.’ मधीच घेतो.

बाकीची कामं त्यामानानं सोपी, फक्त कुणीतरी सोबत जावं लागतं. रेशन आता देशात कुठंही अंगठा लावून मिळतं, माणशी महिन्याला पाच किलो. दुकानदार ‘तुमचं कार्ड इथलं नाही’ म्हणाला, तेव्हा आमच्यातल्या दोघी जाऊन मशीनसमोर उभ्या राहिल्या आणि धान्य निघालं. गावाकडं राहिलेल्या म्हाताऱ्यांचा वाटा तिकडं निघतो, हेही त्यांना सांगा, नाहीतर भीतीनं त्या अंगठा लावत नाहीत. अंगणवाडीताईंनी लेकरांची नावं इकडं घेतली. लसीकरणाच्या दिवशी आशाताईंनी निरोप दिला. आठव्या महिन्यातली ती बाई १०८ च्या गाडीनं आरोग्य केंद्रात बाळंत झाली. जाताना माता-बाल कार्ड पिशवीत नीट गुंडाळून घेऊन गेली, पुढचे डोस तिकडं देता येतील.

शाळेचं तेवढं जमलं नाही. सहा ते चौदा वयाच्या लेकराला शाळा नाही म्हणू शकत नाही, दाखला नसला तरी. २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा तसं सांगतो, आणि गुरुजी तयार होते. सुरुवातीला चार पोरं आली. महिन्यात दोनच उरली. मोठ्या दोघी पोरी लहान भावंडं सांभाळायला घरी राहिल्या, कारण आया वावरात. आपल्या कोयत्यावर जाणाऱ्या पोरींचंही हेच होतं, म्हणून आम्हाला त्याचं नवल वाटलं नाही, वाईट वाटलं.

आणखी एक. आम्ही तिकडं येऊ-जाऊ लागलो ते एका शेतमालकाला आवडलं नाही. ‘बायांना मजुरीचे भाव सांगू नका’ म्हणाला. आम्ही सांगितले नाहीत. त्यांनीच आम्हाला विचारलं, आम्ही खोटं बोललो नाही. त्या हंगामात आमच्या एका सदस्येच्या नवऱ्याला त्याच्याकडं काम मिळालं नाही. तिनं ते सोसलं आणि बैठकीला येत राहिली. गटानं तिचा त्या महिन्याचा हप्ता पुढं ढकलून दिला.

यंदाची माणसं आता येतीलच. गेल्या खेपेला त्यांच्यातल्या एकीनं विचारलं होतं, ‘आम्ही चार महिने इथं असतो, तर चार महिने तुमच्या गटात पैसे टाकले तर चालतील का?’ नियमात बसत नाही, सदस्य गावची रहिवासी पाहिजे. पण नवरा दारूत उडवतो म्हणून ती मजुरी कुठं ठेवावी हे विचारत होती, ते आपल्याला न कळण्यासारखं नाही. येत्या मंगळवारी ग्रामसंघाच्या बैठकीत हा विषय आहे, आणि दुसरा विषय हातपंपाच्या वेळेचा. मोठ्या दोन पोरींसाठी अंगणवाडी संध्याकाळपर्यंत उघडी ठेवता येईल का, हे अंगणवाडीताईंना विचारायचं काम दोघींनी अंगावर घेतलंय. तुमच्या गावात कोण उतरलंय, तुम्ही काय केलं, ते केंद्रावर कळवा. पुढच्या वेळी तुमचं वाचून दाखवू.