त्राटिकेचे हमीपत्र



शेक्सपिअरवर बोलायला आपण कामगार संघटनेतला माणूस बोलावला आहे. या ताथवड्यात आता महाविद्यालये झाली. मी मात्र विद्यार्थी म्हणून त्यांची पायरी कधी चढलो नाही. मला शेक्सपिअर भेटला तो मराठी रूपांतरांतून. टीकाकारांचे ग्रंथ मागाहून, रात्रपाळी आटोपल्यावर कोश उशाशी घेऊन वाचले. तेव्हा एकाच नाटकापुरते बोलतो.

ते नाटक वासुदेव बाळकृष्ण केळकरांचे ‘त्राटिका’. मूळ शेक्सपिअरचे ‘टेमिंग ऑफ द श्रू’. शाहूनगरवासी मंडळीने ते गाजविले. गणपतराव जोशी प्रतापराव होत आणि बाळाभाऊ जोग त्राटिका. तोंडाळ बायकोला नवरा वठणीवर आणतो, प्रेक्षक पोट धरधरून हसतात, एवढीच त्याची कीर्ती.

आता नवे टीकाशास्त्र काय म्हणते? पूर्वी विचारीत, कवीला काय सांगायचे आहे? १९६७ साली फ्रान्सच्या रोलां बार्थने एका निबंधात लेखकाच्या मृत्यूचीच द्वाही फिरविली. स्त्रीवादी टीकाकारांनी विचारले, येथे बोलतो कोण आणि गप्प बसविले जाते कोणाला? यावर आपले जुने रसिक म्हणतात, चारशे वर्षांपूर्वीच्या नाटकाला आजची फूटपट्टी लावणे हा अन्याय आहे.

पण फूटपट्टी आजची कोठे आहे? शेक्सपिअर हयात असतानाच, १६११ च्या सुमारास, जॉन फ्लेचरने या नाटकाला उत्तर लिहिले. त्यात पेट्रुशिओची दुसरी बायको त्यालाच वठणीवर आणते. आपल्याकडे बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’त विचारले होते की, बाईच्या माथी मारलेले दोष पुरुषांत नाहीत काय? रखमाबाईंचा खटला १८८४ ते १८८८ चा, संमतिवयाचा कायदा १८९१ चा. त्याच सुमारास हे नाटक रंगभूमीवर आले, आणि नायिकेला नाव काय दिले, तर रामाने मारलेल्या राक्षसीचे! पडदा उघडण्यापूर्वीच निकाल लागला.

मला खरे बोलायचे आहे ते मधल्या अंकाविषयी. नवरा तिला घरी आणतो. मांस ताटात येते; करपले म्हणून तो ते फेकून देतो. रात्री तिला झोपू देत नाही. नवे कपडे येतात, तेही परत जातात. सारे तिच्या काळजीपोटी! एकटा असताना मात्र तो कबूल करतो की, ससाणा माणसाळविण्याची ही रीत आहे. पाखरू उपाशी ठेवायचे, जागे ठेवायचे. पुढे भर दिवसा तो सूर्याला चंद्र म्हणतो आणि तिच्याकडून तसे वदवितो.

मंडळी, याला आमच्याकडे टाळेबंदी म्हणतात. एका कारखान्याच्या फाटकाबाहेर मी ती पाहिली आहे. पहिल्या महिन्यात माणसे घोषणा देतात. तिसऱ्या महिन्यात वाणी उधारी बंद करतो. मग आत घेण्यापूर्वी चांगल्या वर्तणुकीचे हमीपत्र पुढे येते आणि माणूस त्यावर सही करतो.

नाटकाच्या शेवटी तिचे लांबलचक भाषण आहे: नवरा हाच धनी. ती मनापासून बोलते की उपरोधाने, यावर टीकाकारांची जुंपली आहे; नट्यांनीही ते दोन्ही तऱ्हांनी केले आहे. मी ते हमीपत्र म्हणून वाचतो. सही करणाऱ्याच्या मनात काय आहे, हे कागद सांगत नाही. सहीपूर्वी तो किती दिवस उपाशी होता, ते मात्र मोजता येते, आणि शेक्सपिअरने ते दाखविले आहे. म्हणून हे नाटक फेकून द्यावे असे मी म्हणणार नाही.

एक गोष्ट राहिली. मूळ इंग्रजीत हा सारा खेळ फुटकी भांडी सांधणाऱ्या एका दारुड्यापुढे चालतो. सरदाराने गमतीखातर त्याला उमराव बनविलेले असते. १६२३ च्या छापील प्रतीत पहिल्या अंकानंतर त्या गरिबाचा पत्ताच नाही! १५९४ च्या एका निनावी नाटकात मात्र तो शेवटी जागा होतो आणि, बायको कशी वठणीवर आणावी ते आता कळले, असे म्हणत घराकडे निघतो. समोर आमचे बरेच कामगार बंधू बसले आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितले.