अर्धा किलोचं वजन आणि पाच छर्रे



आमच्या बचत गटानं एका पिस्तुलाच्या दुरुस्तीसाठी कर्ज मंजूर केलं, तेव्हा गावात एकच चर्चा झाली. बायका आता पर्समध्ये पिस्तूल घेऊन फिरणार की काय? तसं काही नाही हो. बाळगायच्या बंदुकीला परवाना लागतोच, शिवाय १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे ती दुरुस्त करायला आणि तपासून बघायलाही परवाना लागतो. आमचं पिस्तूल खेळातलं. हवेच्या दाबावर चालणारं, साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा दहा मीटरवर मारणारं.

गटातल्या एका ताईंची लेक हा खेळ खेळते. पिस्तूल जुनं घेतलेलं, कारण नवं परदेशी लाखाच्या वर जातं. दिवाळीनंतर तिचे नेम चुकायला लागले. एक छर्रा वर, एक खाली. घरचे म्हणाले, हिचं लक्ष उडालं. आम्हीही म्हणालो, खोटं कशाला बोलू? शेवटी तीच म्हणाली, "मावशी, मला आता जमत नाही. सोडून देते."

तिच्या सरांनी मात्र आधी पिस्तूल तपासलं. आतलं रबरी सील गेलं होतं. कुकरची रिंग सैल झाली की वाफ निसटते आणि शिट्टी नीट होत नाही, तसंच हे. हवा गळते, प्रत्येक छर्ऱ्याला सारखा जोर मिळत नाही, आणि तो वरखाली जातो. दुरुस्तीला दिलं. तीन आठवड्यांनी बिलासकट परत आलं. "एकदम ओके" असा निरोप होता.

पैसे गटाचे, म्हणून ओके आहे की नाही ते बघायला आम्ही चौघी तिच्याबरोबर बालेवाडीला गेलो. म्हाळुंगे-बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४च्या राष्ट्रीय खेळांसाठी उभं राहिलं. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे इथेच सराव करायचा. २०२४मध्ये पॅरिसला त्यानं रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं.

आत गेल्यावर पहिली शिस्त अशी, की नळीचं तोंड कायम लक्ष्याकडे. रिकामं आहे हे दिसावं म्हणून नळीत रंगीत दोरी घातलेली. आम्हाला मागच्या रेषेवर बसवलं.

सरांनी आधी छर्रा भरलाच नाही. रिकाम्या पिस्तुलाची नळी सरळ वर धरली आणि घोड्याला अर्धा किलोचं वजन अडकवून उचललं. नियम असा, की ५०० ग्रॅम वजन घोड्यानं पेललं पाहिजे. टक्! घोडा सुटला. दुरुस्ती करणाऱ्यानं तो फार हलका करून ठेवला होता. स्पर्धेच्या तपासणीत हे पिस्तूल तिथल्या तिथे बाद झालं असतं, आणि दोष कुणाच्या माथी आला असता ते आम्हाला माहीत होतं. सरांनी स्क्रू फिरवून तीनदा वजन लावलं, तेव्हा कुठे घोडा टिकला.

मग पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून, एकाच ठिकाणी नेम धरून पाच छर्रे मारले. टेकवून का? तर हाताची थरथर मधे येऊ नये म्हणून. पाचही जवळजवळ एकाच भोकात गेले, पण मधल्या गोलाच्या डावीकडे. आमचा चेहरा पडला. सर हसले. "हे चांगलं आहे. एका जागी जातायत ना? मग नुसती साइट सरकवायची. विखुरले असते तर परत दुरुस्तीला द्यावं लागलं असतं." दहा गुणांचा गोल साडेअकरा मिलिमीटरचा, जेमतेम वाटाण्याएवढा. साइट दोन खटके फिरवल्यावर छर्रे तिथे जाऊ लागले.

पोरगी गप्प उभी होती. सरांनी तिला मनू भाकरची आठवण दिली. २०२१मध्ये टोकियोला ऐन स्पर्धेत तिचं पिस्तूल बिघडलं, बराच वेळ गेला, ती बाराव्या क्रमांकावर राहिली. लोक काय काय बोलले तिला! २०२४मध्ये त्याच प्रकारात तिनं कांस्यपदक घेतलं.

मग आमच्या लेकीनं एका हातात पिस्तूल धरलं, श्वास सोडला. दहा. नऊ. दहा. चौथा पार बाजूला, सातवर. आम्ही एकदम सरांकडे पाहिलं.

ती मागे न वळताच म्हणाली, "तो माझा होता, मावशी. पिस्तुलाचा नाही." आणि पुढचा छर्रा भरला.