पाणी जपून वापरावे, पण कोणी?

(छात्राध्यापकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



दुष्काळी तालुक्यातील एखादी प्राथमिक शाळा डोळ्यांपुढे आणावी. फाल्गुन सरत आला आहे, गावात टँकर सुरू झाला आहे आणि वर्गात एक छात्राध्यापिका ‘पाणी’ या घटकावर सराव पाठ घेत आहे. टाचण नेटके आहे, तक्ता सुबक आहे, फळ्यावर सुविचार आहे : पाणी जपून वापरा. मागच्या ओळीतील मुलगी पहाटे कळशीच्या दोन खेपा करून शाळेत आली आहे. तिच्या घरी धुण्याचे पाणीदेखील परसातल्या झाडाला जाते. तिने आणखी काय जपावयाचे? निरीक्षक गुण देतात, तास संपतो. हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

या छात्राध्यापिकेची तळमळ खोटी नाही. झाडे लावावीत, प्लॅस्टिक टाळावे, प्रदूषण थांबवावे, असे ती मनापासून म्हणेल. अभिवृत्ती मोजणाऱ्या प्रश्नावलीत तिला भरघोस गुण मिळतील. परंतु तिची पर्यावरणनिष्ठा व्यक्तीच्या सवयींपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. पाणी कोणाच्या वाट्याला किती येते व ते कोण ठरवितो, हा प्रश्न तिला राजकारणाचा वाटतो. आणि राजकारण वर्गात आणू नये, असे तिच्या मनावर बिंबविलेले असते.

ही फारकत मुळात नव्हती. १९३७ साली वर्ध्यात मांडल्या गेलेल्या नई तालीमने शिक्षणाचा सांधा हस्तोद्योगाबरोबरच निसर्ग आणि समाज या दोन्ही परिसरांशी जोडला होता. १९७७ च्या तिबिलिसी परिषदेनेही जाणीव व ज्ञान यांच्या जोडीला कौशल्य आणि प्रत्यक्ष सहभाग ही पर्यावरण-शिक्षणाची उद्दिष्टे मानली. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने हे शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला. विषय अभ्यासक्रमात आला खरा. पण त्याची प्रकल्पवही झाली.

अर्थशास्त्राची साधी नजर येथे उपयोगी पडते. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने खेड्यातील माणसासाठी दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले. भुयारी गटारे असलेल्या शहरासाठी प्रचलित मानक १३५ लिटरचे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरची तहान भागविण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच मराठवाड्यात पाण्यावर पोसलेला उसाचा साखर-उद्योगही उभा होता. पाऊस कमी पडला हे खरे. पण पडलेल्या पावसाची वाटणी आभाळाने केलेली नव्हती.

वाटणी बदलता येते, याचा दाखला पुरंदर तालुक्यात आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाण्याचा हिस्सा जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर द्यावयाचा, भूमिहीनालाही त्यावर हक्क द्यावयाचा, आणि उसासारखे पीक घ्यावयाचे नाही, असे हे नियम होते. काटकसर तेथेही होती. परंतु ती न्यायाच्या पोटी जन्मली होती आणि म्हणून लोकांनी ती स्वीकारली.

अध्यापक विद्यालयांत हा प्रयोग किती ठिकाणी शिकविला जातो?

यावर एक आक्षेप रास्त आहे. शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षे मानधनावर काढणाऱ्या तरुण शिक्षिकेने गावातील बागाईतदारांचा रोष ओढवून घ्यावा काय? तिच्याकडून हौतात्म्याची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. तिने भाषण करण्याचे कारणही नाही. आपल्या घरी दिवसाला किती हंडे लागतात, ते कोण भरते, विहीर किती लांब आहे, शिवारात कोणते पीक किती पाळ्या पाणी घेते, एवढे मुलांनी नोंदवावे. बेरीज-भागाकार चौथीच्या गणितातलाच. मुलांनी स्वतः मोजलेल्या आकड्यांना कोणत्याही पक्षाचा शिक्का लावता येत नाही.

असा पाठ झाला, तर मागच्या ओळीतील मुलीला उपदेश ऐकावा लागणार नाही. हंड्यांचा हिशेब वर्गात सर्वांत अचूक तिलाच ठाऊक असेल; त्या दिवशी फळ्यापाशी तिला बोलवावे लागेल.