सिंहाचे गोत्र

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



भगवान महावीरांचे लांछन सिंह. प्रतिमेच्या पादपीठावर आपण तो नित्य पाहतो. जिवंत आशियाई सिंह मात्र आज रानात उरला आहे तो केवळ सौराष्ट्रात. १९०० च्या सुमारास गीरच्या वनात तो काही डझनच शिल्लक होता. २०२५ च्या गणनेत ८९१ झाला. ही वाढ आनंदाची खरी, परंतु हे सारे त्या मोजक्या पूर्वजांचेच वंशज होत. आपण सोयरिक जुळविताना गोत्र पाहतो. येथे अवघे वनच सगोत्र! आनुवंशिक वैविध्य थोडे असले की एखादी साथ सर्वांनाच घेरू शकते. २०१८ मध्ये गीरमध्ये श्वान-डिस्टेंपरच्या साथीत वीसहून अधिक सिंह दगावले.

म्हणून वनाबाहेरही या वंशाचा ठेवा असावा लागतो. तो प्राणिसंग्रहालयांत आहे. पण ठेवा खरा की खोटा, हे कोण सांगणार? १९८७ मध्ये स्टीफन ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील 'आशियाई' सिंहांच्या रक्तातील प्रथिने तपासली. त्या साऱ्या कुळाच्या पाच मूळ प्राण्यांपैकी दोन आफ्रिकी वंशाचे निघाले. वर्षानुवर्षांचे संगोपन, आणि वंश मिश्र! पुढे युरोपातील संग्रहालयांनी नव्याने आरंभ केला तो जुनागढच्या सक्करबागेतून नेलेल्या सिंहांपासून. आता प्रत्येक छाव्याची वंशावळ नोंदविली जाते, आणि ज्यांचे नाते सर्वांत दूरचे अशांचीच जोडी लावली जाते.

आपल्याकडे चंडीगडजवळच्या छतबीर येथेही सर्कशीतील आफ्रिकी सिंहांमुळे संकर झाला होता. त्या सिंहांचे प्रजनन थांबविले गेले. परंतु त्यांना मारले नाही, आयुष्य संपेपर्यंत सांभाळले. 'अशुद्ध' हा शब्द मला येथे रुचत नाही. वंश मिश्र असेल, जीव मिश्र नसतो.

कोणी विचारील, अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत पहिलाच 'बंध' आहे. मग पिंजऱ्याचे समर्थन कसे करता? मी पिंजऱ्याचे समर्थन करीत नाही. केवळ करमणुकीसाठी प्राणी कोंडणे हा दोषच आहे, आणि विज्ञानाच्या नावाने तो झाकला जाऊ नये. परंतु या संशोधनाने बंध थोडा सैल होतो, हेही पाहावे. ज्याचे आईबाप ठाऊक आहेत अशा संग्रहालयातील प्राण्यावर तपासणीची पद्धत पारखून घेता येते. मग रानातील सिंहाला पकडावे लागत नाही, सुई टोचावी लागत नाही. वाटेवर पडलेली विष्ठा किंवा झुडपाला अडकलेले केस यांतील डीएनएवरून त्याचे नातेगोते कळू शकते. संशोधनाची ही अहिंसक वाट मला सर्वांत मोलाची वाटते.

सक्करबाग १८६३ पासून जुनागढमध्ये आहे. गिरनारचे यात्रेकरू त्याच गावातून जातात. पुढील संघयात्रेत तेथे अर्धा दिवस राखून ठेवावा, आणि मुलांना सिंहासोबतच त्याची वंशावळीची नोंद कशी ठेवतात हेही विचारू द्यावे, अशी यात्रा समितीला माझी नम्र विनंती आहे.

जय जिनेंद्र!