सायकलवरची बँक आणि पदराखालची बोटं

(बोलण्यावरून उतरवून घेतलेला मजकूर. बोलीतले शब्द मुद्दाम तसेच ठेवलेत.)

पहिल्यांदाच माइकसमोर बसलेय, त्यामुळे आवाज जरा चढला तर इअरफोन काढा, मला शिव्या देऊ नका. उन्हात हाका मारून मारून माझा आवाजच तसा झालाय.

मी डाक सेवक आहे, पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही, का ते पुढं कळेल. माहेर राहुरीकडचं, कालव्याच्या पाण्याचं. तिथून उठून इकडं, डोंगराच्या आणि बाभळीच्या मुलखात आले. आपला जिल्हा क्षेत्रफळानं राज्यात सगळ्यात मोठा, १७ हजार चौरस किलोमीटरच्या वर. त्यामुळे एकाच जिल्ह्यात बदलून आले तरी पहिल्या महिन्यात मला परगावी आल्यासारखंच वाटत होतं.

ही नोकरी लागते कशी, हे मला इन्स्टावर रोज कुणीतरी विचारतं. तर परीक्षा नाही, मुलाखत नाही. दहावीचे मार्क. वय १८ ते ४०. दहावीला गणित आणि इंग्रजी पाहिजे, स्थानिक भाषा पाहिजे, कॉम्प्युटरची ओळख पाहिजे. आणि जाहिरातीत चक्क लिहिलेलं असतं की सायकल चालवता आली पाहिजे. स्कूटर किंवा मोटारसायकल येत असेल तर तेही धरतात. फॉर्मची फी १०० रुपये, बायकांना तीही नाही. कुणी ‘लावून देतो’ म्हणून पैसे मागितले तर सरळ फोन ठेवा. मार्कांच्या यादीत कुणी काय लावून देणार?

पगाराला आमच्यात पगार म्हणत नाहीत, वेगळा शब्द आहे, भत्त्यासारखा. जुलै २०१८ पासून डाक सेवकाला चार तासांच्या कामाला मूळ १० हजार आणि पाच तासांच्या कामाला १२ हजार, वर महागाई भत्ता. आम्ही पूर्ण सरकारी नोकर नाही, आणि नोकर नाही असंही नाही. १९७७ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की हे पद नागरी सेवेतलंच, पण नेहमीच्या सेवेबाहेरचं. लग्नाच्या बोलणीत हे वाक्य समजावून सांगून बघा!

आता सायकल. स्कूटी का नाही घेत, असं सगळे विचारतात. एक तर हिशोब: या रकमेत रोज पेट्रोल टाकलं तर हातात काय राहणार? दुसरं म्हणजे स्कूटी झुपकन निघून जाते. सायकल दिसली की म्हातारी माणसं ओट्यावरून हात करतात, आणि थांबायला ब्रेकही लागत नाही, चढावर ती आपोआपच थांबते. माझ्याकडं तीन वस्त्या. फेरी साधारण सोळा-सतरा किलोमीटरची, त्यातलं दीड-दोन किलोमीटर सायकल मला घेऊन जात नाही, मी तिला घेऊन जाते. बाभळीचा काटा हा माझा रोजचा साहेब. पंप, सोल्यूशन, दोन पॅच आणि पाण्याचं घमेलं मागायला ओळखीची तीन घरं, एवढं असलं की पंक्चरला घाबरायचं कारण नाही.

टपाल कमी झालंय, खोटं कशाला बोलू. पत्रं जवळपास नाहीतच. बँकेच्या नोटिसा, एटीएम कार्डं, आधारचे लिफाफे. खरं काम आहे पैशाचं. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये पोस्टाची पेमेंट्स बँक सुरू झाली, आणि आता माझ्या पिशवीत फोन आणि अंगठ्याचं मशीन असतं. खातं कुठल्याही बँकेत असू दे, आधार जोडलेलं असलं की अंगठा ठेवायचा आणि मी तिथंच रोकड देते. एका वेळी १० हजारांपर्यंत.

याची किंमत पाथर्डीत राहिल्याशिवाय कळत नाही. दिवाळी झाली की इथली वस्ती रिकामी होते. कोयता घेऊन जोडपी ऊसतोडीला जातात, कोल्हापूरकडं, कर्नाटकात, कुठं कुठं. मागं राहतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि एखादी शेळी. बँक तालुक्याला. म्हातारीनं १५०० रुपये काढायला जायचं तर जाणं-येणं, दिवसभर रांग, आणि ‘सर्व्हर नाही, उद्या या’.

अशीच एक आजी. श्रावणबाळचे महिन्याला १५०० येतात तिला. आयुष्यभर ऊस तोडलाय, खुरपलंय, अंगठ्यावर रेघच शिल्लक नाही. पहिल्या दिवशी अंगठा लागेना. दुसऱ्या खेपेलाही लागेना. मशीन ‘जुळत नाही’ म्हणत होतं आणि आजी माझ्याकडं असं बघत होती, जणू तिनंच काहीतरी चोरलंय. मग मला एका जुन्या पोस्टमन काकांनी सांगितलं की आधारला दहाही बोटं नोंदवलेली असतात, अंगठाच पाहिजे असं कुठाय? हात धुऊन, कोरडा करून, जरासं खोबरेल पुसून एकेक बोट लावलं. उजव्या हाताची अनामिका लागली! आजी म्हणाली, ‘हे बोट कधी कामालाच लागलं नाय, म्हणून राह्यलं.’

इथवरचं मी सगळ्यांना सांगते. पुढचं सांगत नव्हते.

त्या आनंदात मी स्क्रीनवरचा आकडा मोठ्यानं वाचला. ‘आजी, एवढे काढले, अजून ११ हजार ४०० शिल्लक आहेत!’ अंगणात चार-पाच जण होते. आजीला ऐकू कमी येतं, म्हणून मी दोनदा ओरडले. मला वाटलं, किती छान बातमी दिली.

पुढच्या महिन्यात गेले तर आजी म्हणाली, आता पाच हजार काढ. कशाला? तर भावकीतला एकजण आला होता. ‘काकू, पडून आहेत ना तुझ्याकडं, बैल आजारी आहे.’ नाही म्हणायला तिच्याकडं काही उरलंच नव्हतं, कारण किती आहेत ते मीच गावाला सांगितलं होतं. हे पैसे तिनं डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी लागतील म्हणून साठवले होते. मी पैसे दिले. तिचे पैसे, तिचं बोट, मी कोण अडवणार? पण परतीच्या उतारावर पायडल मारायचं नसतं तरी पाय जड झाले होते.

ते पैसे अजून आलेले नाहीत.

त्याच हंगामात आजीच्या मुलाचा फोडावरून फोन आला. ‘ताई, आईच्या खात्यात किती आहेत?’ नाही सांगितलं. ‘मी मुलगा आहे तिचा.’ म्हटलं, दादा, आईला विचारा. तो चिडला, मला नाही नाही ते बोलला, म्हणाला लोकांना ओरडून सांगता अन् मला नाही? यावर माझ्याकडं काय उत्तर असणार! खरंच होतं ते. त्याला मुकादमाची उचल फेडायची होती, त्याचाही गळा आवळलेलाच होता. तरी सांगितलं नाही.

मग प्रश्न राहिला, आजीला तरी सांगायचं कसं? ती वाचत नाही. कानात बोलावं तर ऐकू येत नाही. खात्याला मोबाइल नंबरही जोडलेला नाही. मार्ग आजीनंच काढला. तिचा नवरा घोडेगावच्या बाजारात जनावरं घेऊन जायचा. तिथं व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव करतात, बाजूला उभ्या माणसाला कळत नाही. आजीनं पदर पुढं केला. ‘धर माझी बोटं.’ आधी हजार, मग शंभर. सहा बोटं, मग चार. ती मान हलवते आणि नोटा कनवटीला लावते. आता वस्तीवर आणखी दोघी असंच करतात. तिसरीचा नातू सातवीत आहे, तो म्हणतो मी वाचून दाखवतो, तर ती त्याला पाणी आणायला पाठवते.

पाडव्यानंतर मुलगा घरी आला. मला वाटलं भांडेल. बोलला काहीच नाही, माझ्या चाकातली हवा दाबून बघितली आणि म्हणाला, मागचं टायर बदला, तारा दिसायला लागल्यात.

ते अजून बदललेलं नाही. उद्या बुधवार, दूरची वस्ती आहे, सहाला निघावं लागेल. थांबते इथंच.