फोकस गेला कुठे?

नव्याने कॅमेरा घेतलेल्या मुलांशी गप्पा मारताना एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘लेन्स शार्प नाही.’ ही लेन्स बहुतेक वेळा एकच असते. पन्नास एमएमची, ‘वन पॉइंट एट’वाली. कॅमेऱ्याबरोबर आलेली झूम लेन्स सोडून माणूस जी पहिली वेगळी लेन्स घेतो ती बहुधा हीच, कारण ती खिशाला परवडते. मागचं सगळं धूसर आणि चेहरा तेवढा लख्ख, असा फोटो त्याने कुठेतरी पाहिलेला असतो. तसा आपल्यालाही यावा म्हणून पैसे साठवून लेन्स आणली जाते, आणि पहिल्याच दिवशी दिसतं की मागचं धूसर झालं हे खरं, पण चेहराही धूसरच आहे.

मी कवितेतला माणूस. बी.ए.ला मराठी घेतलं, भौतिकशास्त्राचा संबंध शाळेबरोबर सुटला. पण बरीच वर्षं कविसंमेलनांत मित्रांचे फोटो काढतो आहे, तेही असल्याच स्वस्त लेन्सने. सभागृहातला पिवळा उजेड, माइकमागे उभा कवी आणि फ्लॅश उडवला की कपाळाला आठ्या घालणारे अध्यक्ष. अशा ठिकाणी ही लेन्स फार उपयोगी पडते. म्हणून तिची बाजू मांडावीशी वाटते.

स्वस्त म्हणजे टाकाऊ, हा समज आधी बाजूला ठेवू. १८९६ साली जर्मनीत पॉल रुडॉल्फ यांनी झाइस कंपनीसाठी ‘प्लॅनार’ ही लेन्स रचली. मधल्या छिद्राच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारखी भिंगं, अशी तिची मांडणी. आजच्या पन्नासच्या स्वस्त लेन्स बहुतेक त्याच घराण्यातल्या. रचना मुरलेली आणि भिंगं मोजकी, म्हणून किंमत कमी. कॅननने १९९० साली आणलेली अशी लेन्स १३० ग्रॅम वजनाची होती आणि कॅमेऱ्यात बसणारी तिची कडीसुद्धा प्लास्टिकची होती. काटकसर झाली ती अंगावर आणि मोटारीवर. भिंगांवर फारशी नाही.

मग फोटो असे का येतात? फोटो संगणकावर मोठा करून आधी एकच गोष्ट शोधावी : यात कुठेतरी काहीतरी स्पष्ट आहे का?

दिव्याच्या ठिपक्याची रेघ झाली असेल, सगळ्या कडा एकाच दिशेला ओढल्यासारख्या दिसत असतील, तर आपला हात हलला. मागची भिंत स्वच्छ आणि पोराचा हात तेवढा पुसट, तर पोरगं हललं. चेहरा अंधुक पण कान किंवा कॉलर स्पष्ट, तर फोकस चुकीच्या जागी बसला. आणि कुठेच काही स्पष्ट नाही, रेघाही नाहीत, सगळ्या चित्रावर पातळ मलमलीचा पडदा धरल्यासारखं दिसतं, तर आणि तरच लेन्सवर संशय घ्यावा. दहातल्या आठ तक्रारी पहिल्या तीन प्रकारांतच मिटतात, हा माझा अनुभव.

माझा एक भाचा चिपळूणच्या बाजूला लग्नांचे फोटो काढतो. गेल्या हंगामात तो तणतणत आला. ‘मामू, ही लेन्स विकतोच आता. हप्त्यावर वन पॉइंट फोरची घेतो.’ किंमत ऐकून मी त्याला बसवला, चहा दिला आणि म्हटलं, ‘वीक, पण आधी तो फोटो दाखव.’

फोटो एका लग्नातला होता. नवरी वाकली आहे आणि ऐंशीच्या पुढची तिची आजी तिच्या डोक्यावर हात ठेवते आहे. लग्नानंतर दोन महिन्यांनी आजी गेल्या. भिंतीवर लावायला घरच्यांना तोच फोटो मोठा करून हवा होता, आणि त्यात आजींचे डोळे पुसट होते. पोराच्या पोटात तुटत होतं, आणि तो राग निघत होता लेन्सवर.

फोटो मोठा करून पाहिला. नवरीच्या केसांतल्या गजऱ्याची कळी न् कळी मोजून घ्यावी इतकी स्पष्ट होती. म्हणजे भिंगाने आपलं काम चोख केलं होतं, फक्त गजऱ्यावर. आजींचे डोळे गजऱ्याच्या वीतभर मागे होते. पन्नासची लेन्स, मध्यम आकाराच्या सेन्सरचा साधा कॅमेरा, अंतर एक मीटर आणि छिद्र पूर्ण उघडं म्हणजे एक पॉइंट आठवर. या हिशेबात स्पष्ट दिसणारी पट्टी साधारण अडीच सेंटिमीटरची असते. अर्ध्या मीटरवर गेलात तर ती सेंटिमीटरभरही राहत नाही. उलट दोन मीटरवर उभे राहिलात तर दहा सेंटिमीटर मिळतात. वीतभर मागचे डोळे या अडीच सेंटिमीटरमध्ये येणार कसे? आणि पाचपट पैसे मोजून वन पॉइंट फोरची लेन्स आणून ती पूर्ण उघडली असती, तर ही पट्टी आणखी अरुंद झाली असती! भाचा गप्प झाला.

पण कॅमेऱ्याने गजराच का निवडला? फोकसचे सगळे बिंदू कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडले, की तो बहुधा सगळ्यांत जवळची ठळक वस्तू धरतो. नवरदेवाचा चेहरा राहतो बाजूला आणि मुंडावळ्या किंवा सेहऱ्याची झालर चमकते. कविसंमेलनांत तर माइकची जाळी इतकी सुंदर येते, की कवीपेक्षा माइकचाच सत्कार करावा. नव्या कॅमेऱ्यांना डोळा ओळखता येतो, जुन्यांना आपण सांगावं लागतं. एकच बिंदू निवडायचा आणि तो डोळ्यावर ठेवायचा. साध्या कॅमेऱ्यात मधला बिंदू सगळ्यांत भरवशाचा. मात्र मधल्या बिंदूने डोळा धरून मग कॅमेरा फिरवून चौकट बदलणं, ही जुनी सवय उघड्या छिद्रावर दगा देते. फिरवताना स्पष्टपणाची ती पट्टीही थोडी सरकते. त्यात बटण अर्धं दाबल्यापासून पूर्ण दाबेपर्यंत उभा माणूस दोन-तीन सेंटिमीटर सहज डुलतो. समोरचा डुलतो आणि आपणही. म्हणून कोपर अंगाशी धरावं, लागोपाठ तीन-चार फोटो घ्यावेत, आणि छिद्र दोन पॉइंट आठ किंवा चारवर आणावं. एक मीटरवर चारच्या छिद्राने पट्टी साडेपाच-सहा सेंटिमीटर होते. मागचं तरीही बऱ्यापैकी धूसर राहतं.

एवढ्यावर थांबलो असतो, पण भाचा हट्टी. ‘मधला बिंदू ठेवूनही कधी कधी हुकतो,’ म्हणाला. मग आम्ही टेबलावर पाच काडेपेट्या तिरक्या रांगेत उभ्या केल्या, प्रत्येक पेटी आधीच्या पेटीच्या दोन बोटं मागे. कॅमेरा ट्रायपॉडवर, छिद्र पूर्ण उघडं, नेम तिसऱ्या पेटीवर. डोळा लावून दहा फोटो काढले, दर वेळी फोकसची कडी मुद्दाम फिरवून. मग मागच्या पडद्यावर बघत, म्हणजे लाइव्ह व्ह्यूने, आणखी दहा. पडद्यावरून घेतलेल्या दहाही फोटोंत तिसरी पेटी स्पष्ट. डोळा लावून घेतलेल्यांत मात्र बहुतेक वेळा दुसरी!

म्हणजे पोराची तक्रार अगदीच निराधार नव्हती. आरशाच्या कॅमेऱ्यात फोकस ठरवणारा सेन्सर वेगळा असतो, तळाशी बसवलेला. आरसा त्याच्याकडे उजेडाचा एक वाटा पाठवतो आणि फोटो उमटतो तो मात्र मागच्या सेन्सरवर. या दोन वाटांच्या लांबीत केसभर फरक पडला, की फोकस कायम थोडा पुढे किंवा कायम थोडा मागे बसतो. दोष लेन्सचा एकटीचा नसतो, कॅमेऱ्याचाही एकट्याचा नसतो. त्या दोघांचं जमत नसतं. वरच्या किमतीच्या काही कॅमेऱ्यांत मेन्यूमधून ही सुधारणा करता येते, स्वस्त कॅमेऱ्यांत सहसा नसते. मग दोन्ही वस्तू एकत्र सर्व्हिस सेंटरला द्याव्यात किंवा महत्त्वाचे फोटो लाइव्ह व्ह्यूने काढावेत. तो हळू चालतो, अक्षता पडताना उपयोगाचा नाही. पण खुर्चीवर बसलेल्या आजी-आजोबांसाठी पुरेसा आहे, आणि भाचा आता तसंच करतो. बिनआरशाच्या नव्या कॅमेऱ्यांत ही भानगड जवळजवळ नाही, कारण तिथे फोकस आणि फोटो एकाच सेन्सरवर होतात.

त्या फोटोचं काय झालं, ते सांगायला हवं. हुकलेला फोकस मागाहून बसवता येत नाही. हल्ली पुसट चेहरा स्पष्ट करून देणारी अ‍ॅप निघाली आहेत. भाच्याने एकावर तो फोटो घातला. डोळे छान रेखीव आले. घरच्यांनी क्षणभर पाहिलं आणि मुलीची आई म्हणाली, ‘हे आमच्या आईचे डोळे नाहीत.’ बरोबरच होतं. जे टिपलंच गेलं नव्हतं, ते यंत्राने अंदाजाने भरलं होतं. शेवटी त्यांनी मूळ फोटोच नेला, चार बाय सहाचा. त्या आकाराला सुमारे वीस लाख ठिपके पुरतात आणि पुसटपणा फारसा जाणवत नाही. दोन कोटी चाळीस लाख ठिपक्यांचा फोटो पडद्यावर पूर्ण मोठा करून त्यात खोट काढत बसणाऱ्यांनीही हा आकडा लक्षात ठेवायला हरकत नाही.

हात हलण्याबद्दल थोडक्यात. या लेन्समध्ये थरथर सावरणारी यंत्रणा सहसा नसते. साध्या कॅमेऱ्यावर शटर सेकंदाच्या ऐंशीव्या भागापेक्षा हळू ठेवू नये, आणि माणसं हलती असतील तर सव्वाशे ते अडीचशेपर्यंत जावं. उजेड कमी असेल तर आयएसओ वाढवावा. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. अंधारात लेन्स घरघर करत पुढे-मागे फिरत राहिली, तर तिला ठळक कड दाखवावी, चष्म्याची काडी किंवा सदऱ्याची कॉलर. फार जवळ गेलात तरी ती अशीच फिरत बसते. कॅननच्या त्या जुन्या लेन्सला किमान ४५ सेंटिमीटर अंतर लागतं, २०१५ साली आलेल्या पुढच्या लेन्सला ३५. आणि छिद्र लहान म्हणजे फोटो शार्प, असं ऐकून काही जण थेट सोळा-बावीसवर जातात. तिथे उजेड छिद्राच्या कडेने पसरतो आणि फोटो पुन्हा मऊ होतो. या लेन्सचा सर्वांत रेखीव पल्ला चार ते आठ.

आता तो मलमलीचा पडदा. पूर्ण उघड्या छिद्रावर थोडा मऊपणा या लेन्सचा स्वभावच आहे, दोन पॉइंट आठवर तो बराचसा जातो. गेला नाही तर पुढे लावलेला स्वस्त यूव्ही फिल्टर काढून पाहावा. मग भिंगावर बोटांचे ठसे आहेत का, ते बघावं. सदऱ्याच्या टोकाने पुसू नये, आधी ब्लोअरने धूळ उडवावी, मग मऊ कापड. आमच्या कोकणात खरा शत्रू बुरशी. जून ते सप्टेंबर कॅमेरा कातडी पिशवीत घालून कपाटात ठेवला, की भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू धरतात. घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढ्याने भागतं. पुड्या मधूनमधून बदलायच्या.

पडलेल्या लेन्समध्ये भिंग तिरकं होतं आणि फोटोची एकच बाजू मऊ येते. हे कळायला वर्तमानपत्राचं अख्खं पान भिंतीला सपाट चिकटवावं आणि कॅमेरा अगदी समोर धरून पाच पॉइंट सहावर फोटो घ्यावा. चारही कोपऱ्यांतली अक्षरं सारखीच वाचता यायला हवीत. जुनी लेन्स विकत घेताना कालचा पेपर, चिकटपट्टी आणि भिंगातून आरपार उजेड टाकायला टॉर्च बरोबर न्यावा. दुकानदार पेपर लावू देत नसेल, तर शेजारचं दुकान पाहावं.