विमान बेलोऱ्याला, गाठ ट्रकातच

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



बेलोऱ्याचे विमान सुरू झाल्यापासून गावोगाव आम्हाला एकच प्रश्न विचारला जातो. "साहेब, अमरावतीला विमान आलं, आता कापसाला भाव येईल का?" विचारणारे थट्टा करत नाहीत. तेव्हा आज हिशेबच मांडू.

बडनेरा-यवतमाळ रस्त्यावर बेलोरा. तिथली धावपट्टी सार्वजनिक बांधकाम खात्याने १९९२ साली केली. १९९७ मध्ये ती औद्योगिक विकास महामंडळाकडे गेली, पुढे विमानतळ विकास कंपनीकडे. मालक बदलले, पण तिकीट काढून बसणाऱ्याचे विमान काही येईना. १३७२ मीटरची पट्टी वाढवून १८५० मीटर केली, तेव्हा कुठे १६ एप्रिल २०२५ ला मुंबईचे पहिले विमान उतरले. सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस. जाहीर होण्यापासून नव्हे, पट्टी झाल्यापासून ही तेहतीस वर्षे.

१८५० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद म्हणजे किती? वीस एकरांचे एक सलग वावर. आम्ही शेतीशास्त्र शिकलेली माणसे, आमची नजर आधी मातीवर जाते. आपली भारी काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. पऱ्हाटीला तिच्यासारखी माती नाही. धावपट्टीला मात्र ती काढून मुरूम-खडी भरावी लागते.

आता कापसाचे. इथे येते ते एटीआर जातीचे, सत्तरेक माणसांचे विमान. सगळ्या खुर्च्या काढून टाकल्या तरी ते सात टनांच्या आसपास उचलील. रुईची गाठ १७० किलोची, म्हणजे चाळीस गाठी झाल्या. एका ट्रकात शंभर जातात. कापूस विमानाने जाणार नाही, ज्वारी तर नाहीच नाही, आणि तसे कोणी सांगत आले तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे. इंग्रजाने मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि अचलपूरला शकुंतला रेल्वे नेली ती कापसासाठी. त्याच्या गिरणीला आमची रुई हवी होती. आज ती गाडीही बंद आहे.

मग आमचा विमानाला विरोध आहे का? मुळीच नाही. मुंबईच्या दवाखान्यात माणूस न्यायचा तर रेल्वेत रात्र काढावी लागते. तिथे दोन तास वाचले तर चांगलेच.

पण हे विमान उडते कसे, ते बघा. 'उडान' योजनेत निम्म्या जागांच्या भाड्याला मर्यादा असते आणि कंपनीची तूट तीन वर्षे भरून दिली जाते. त्यातला २० टक्के वाटा राज्य सरकारचा. एप्रिल २०२५ मध्ये विमान आले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये, आपला कापूस वावरात उभा असताना, कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत माफ झाले. त्या हंगामाचा मध्यम धाग्याचा हमीभाव होता ७,७१० रुपये. एकाची तूट भरून द्यायची, दुसऱ्याची वाढवायची, आणि दोन्हीला धोरणच म्हणायचे!

तीन वर्षांनंतर काय? महालेखापरीक्षकांचा २०२३ चा अहवाल आहे. उडानच्या पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग दिले गेले. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सवलत संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत टिकून होते फक्त ५४.

विमान बंद झाले तर ते दुसऱ्या गावी उडेल. विमानतळाखाली गेलेले वावर मात्र परत येत नाही. म्हणून ज्यांच्याकडे अशा कामाची मोजणी येईल, त्यांनी पहिला प्रश्न विचारायचा: जमीन कोणत्या कायद्याखाली घेता? कायद्यागणिक मोबदल्याची रीत बदलते. २०१३ च्या कायद्यात मुद्रांकाचा दर, किंवा परिसरातल्या मागच्या तीन वर्षांच्या खरेदीखतांपैकी वरच्या भावाच्या निम्म्यांची सरासरी, यातला मोठा आकडा धरतात. त्याला ग्रामीण भागाचा गुणक, आणि वर तेवढीच दिलासा रक्कम. इथे आमचीच चूक आम्हाला नडते. मुद्रांक वाचवायला आपण खरेदी कमी किमतीत लिहितो, आणि तोच कागद उद्या साऱ्या गावाचा भाव पाडतो.

पुढच्या बैठकीला येताना मोजणीत आलेल्यांनी सातबारा, मिळालेली प्रत्येक नोटीस आणि गावच्या तीन वर्षांच्या खरेदीखतांची यादी आणावी. यादीसाठी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अर्ज करायचा. एकेकट्याने जाऊ नका, पाच जण मिळून जा.